एकोणीस नंबरची हजेरी

सहलीहून परतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी त्या सहलीचं गेट-टुगेदर करायचं, हा नियम आपल्याकडे कुणी घालून दिला ते सांगता येत नाही. पण तो पाळला जातो, तेराव्यासारखा. जेवणही साधारण तेच असतं, फक्त जिलबीबरोबर रबडी. तर ठाण्याला तलावपाळीजवळच्या एका हॉटेलाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ‘स्पेन-पोर्तुगाल, बारा दिवस’ या सहलीतली एकोणीस जोडपी जमली होती आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर विनीतने काढलेले व्हिडिओ चालू होते. विनीत ठाण्याचाच, चाळिशीतला; बारा दिवसांत एकही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी न बघितलेला गृहस्थ. रवींद्र वेंगुर्लेकर, वय सदुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व, हे तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसून पोट आत घेण्याच्या प्रयत्नात होते. पडद्यावर लिस्बन आलं. नदीकाठचा तो प्रचंड चौक, पिवळ्या कमानी, मग एकदम बसच्या आतली हलती गर्दी. टूर मॅनेजर प्रीतम पुढे उभा राहून हजेरी घेत होता. त्याची पद्धत सोपी होती. विमानतळावरच त्याने प्रत्येक जोडप्याला एकेक नंबर दिला होता. बसमध्ये चढल्यावर एकपासून सुरुवात करायची आणि जोडप्यातल्या कुणीतरी एकाने नंबर ओरडायचा. दोन डोकी मोजण्यापेक्षा एक आवाज ऐकणं सोपं. बहुतेक जोडप्यांत तो आवाज बायकोचा असे. सोळा, सतरा, अठरा असे आवाज येत गेले आणि विनीतचा कॅमेरा फिरत फिरत शेवटच्या नंबरावर, म्हणजे रवींद्ररावांच्या बायकोवर, योगिनीबाईंवर, येऊन थांबला. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. “एकोणीस?” प्रीतमने विचारलं. योगिनीबाईंनी मान वळवून त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. घाईने नव्हे, बाजारात वांगी उलटून बघावीत तसं पाहिलं. मग मांडीवरची पाण्याची बाटली उचलून त्या सीटवर ठेवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “एकोणीस हजर!” बस सुटली. हॉलमध्ये लोक हसत होते, कारण पडद्यावर मागच्या सीटवरचे कुणीतरी काका घोरत होते. रवींद्ररावांच्या हातातला रबडीचा वाडगा तिरका झाला आणि दोन थेंब पँटवर सांडले. “सांडलंत ना?” योगिनीबाई म्हणाल्या, पडद्यावरची नजर न काढता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रवींद्ररावांनी एकतीस वर्षं हजेरीचंच काम केलं होतं. मानपाडा रोडच्या पलीकडे एमआयडीसीत एक रंगाचा कारखाना होता, त्याच्या टाइम ऑफिसात ते होते. कामगार यायचे, घड्याळाच्या मशिनीत कार्ड घालायचे, ठक्‌ असा आवाज व्हायचा, आणि रवींद्रराव काचेमागून बघायचे. एकाने दोन कार्डं मारली तर ते दोन ठक्‌मधल्या अंतरावरून त्यांना कळायचं. स्वतःचं कार्ड माणूस बेफिकीर मारतो. दुसऱ्याचं मारताना अंगठा एक क्षण अडतो. असे किती तरी जण त्यांनी पकडले. पकडल्यावर सगळे एकच सांगायचे, साहेब, तो येतच होता, रस्त्यातच होता, त्याचा खाडा होऊ नये म्हणून मारलं. मित्रासाठी, भावासाठी, एकदा तर ज्याच्याशी भांडण होतं त्याच्यासाठीही. मायेने मारलेलं कार्ड आणि मतलबाने मारलेलं कार्ड यांचा आवाज सारखाच असतो, हे रवींद्ररावांनी एकतीस वर्षांत शिकून घेतलं होतं, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी पडद्यावर त्यांचं स्वतःचं कार्ड मारलं गेलं होतं. बायकोचा अंगठा अडलेला त्यांनी पाहिला होता. दोन श्वास. पण माया की मतलब ते काचेमागून कळत नव्हतं. आणि कळून घ्यायचं तर विचारावं लागणार होतं, आणि विचारायचं तर आधी स्वतः सांगावं लागणार होतं, की त्या दिवशी लिस्बनला आपण हरवलो नव्हतो.

कारण जगजाहीर गोष्ट अशी होती की ते हरवले होते. ती गोष्ट आता सोसायटीत, नात्यात, कल्याणच्या व्याह्यांकडे, सगळीकडे सांगून सांगून गुळगुळीत झाली होती, आणि इथे तर ती होणारच होती. व्हिडिओ संपल्यावर विनीतने माइकच आणून दिला. “काका, तुमची स्टोरी पाहिजे! त्याशिवाय जेवण पचणार नाही कुणाला.” “अरे, किती वेळा?” “काका, वन्स मोअर आहे. प्रीतम तर तेव्हा रडायचाच बाकी राहिलेला.” प्रीतम कोपऱ्यात पुढच्या सहलीची पत्रकं वाटत होता, तो म्हणाला, “मी रडलेलो, काका. तुम्ही नव्हतात म्हणून दिसलं नाही.” मग रवींद्ररावांनी ती गोष्ट सांगितली. चौकात पाऊण तास मोकळा वेळ होता, आपण वॉशरूमला गेलो, तिथे नाणं टाकल्याशिवाय दार उघडेना, सुटं नव्हतं, सुटं करून येतो तो बस गेलेली. इथे हशा. मग पुढचं योगिनीबाईंनी सांगायचं अशी वाटणी ठरून गेली होती: बस सिंट्राला पोचली, राजवाड्याच्या पायथ्याशी जेवणाचे डबे वाटले, तर थेपले-पुलावाचा एक डबा जास्त. “मी म्हटलं, अगं बाई! हे कुठायत?” योगिनीबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या आणि हॉल लोळला. त्या हे चांगलं करून दाखवत. आजवर रवींद्रराव स्वतःही इथे हसत आले होते. आज त्यांनी त्या छातीवरच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांना तो हात पाण्याची बाटली ठेवताना दिसला.

खरी गोष्ट सांगायला सोपी होती आणि म्हणूनच सांगण्यासारखी नव्हती. सहलीचा तो सातवा दिवस. सात दिवस त्यांनी झेंड्यामागून चालत शहरं पाहिली होती. म्हणजे झेंडा पाहिला होता आणि झेंड्याच्या आजूबाजूला शहरं होती. रात्री पंजाबी पनीर, सकाळी बसमध्ये अंताक्षरी. त्या चौकात पाऊण तास संपत आला तेव्हा ते कमानीच्या खांबाला हात लावून उभे होते. दगड उन्हाने कोमट झाला होता. समोरून नदीचा वारा येत होता, त्यात मीठ होतं, आणि मागच्या गल्लीतून कुठून तरी कोळशावर मासा भाजल्याचा वास आला. चरबी निखाऱ्यावर पडते तेव्हा येतो तो. रवींद्ररावांचं सगळं अंग त्या वासाकडे वळलं, आधी नाक, मग मान, मग पाय. झेंडा बसपाशी गेलेला त्यांना दिसत होता. लोक चढत होते. चालायला हवं होतं, तर ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला सरकले. एवढंच केलं. त्यांनी आयुष्यात जे काही ठरवून केलं त्यात हे सगळ्यात कमी हालचालीचं होतं. बसच्या काचा काळ्या होत्या, आतलं दिसत नव्हतं. आता कुणीतरी उतरेल, नाव घेऊन हाक मारेल, असं वाटून ते श्वास धरून उभे राहिले. कुणी उतरलं नाही. बस वळून नदीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांच्या छातीत जे झालं त्याला त्यांनी तेव्हा आनंद समजलं होतं.

आणि मासा म्हटलं तर त्यामागे बावीस वर्षं होती. कृतिका, त्यांची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची असताना काविळीने अंथरुणाला खिळली. डोळे, नखं, सगळं हळदीसारखं. डॉक्टर मान हलवायला लागले तेव्हा योगिनीबाईंनी देवापुढे बसून नवस केला, की पोरगी उठून उभी राहिली तर या घरात मासे शिजणार नाहीत आणि आम्ही दोघं खाणार नाही. नवस त्यांनी केला, पाळायचा दोघांनी. वेंगुर्ल्याच्या माणसाला विचारून असा नवस करता आला नसता हे खरं, आणि मुलगी तीन आठवड्यांत उठली हेही खरं. आता ती ठाण्यालाच राहते, तेहतीस वर्षांची आहे, नवऱ्याबरोबर कोळंबीची बिर्याणी मागवते आणि फोटो पाठवते. रवींद्रराव त्या फोटोखाली हात जोडलेलं चित्र टाकतात. बावीस वर्षांत त्यांनी एक तुकडा तोंडात घातला नाही. लग्नांत, कारखान्याच्या पार्ट्यांत, स्वतःच्या भावाच्या घरी वेंगुर्ल्याला, ताटात वरण-भात घेऊन बसले. लोक म्हणाले, माणूस निग्रही आहे. निग्रह वगैरे काही नव्हता. सुरमईचा तुकडा समोर आला की त्यांना पिवळे डोळे दिसायचे आणि हात मागे यायचा. विचारायचं कुणाला? देवाला कुठल्या खिडकीवर अर्ज करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बायकोला विचारणं म्हणजे मुलीच्या जिवाचा बांगड्याशी भाव करणं.

लिस्बनच्या त्या चढणीच्या गल्ल्यांत मात्र त्यांचे पाय न विचारता गेले. पांढऱ्या दगडांची फरसबंदी, शेकडो वर्षं लोकांनी चालून साबणासारखी गुळगुळीत केलेली. खिडक्यांतून दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, बनियन, चादरी, एक भलामोठा परकर. रवींद्ररावांना वाटलं, हे तर आपल्या मागच्या गॅलरीसारखंच आहे, फक्त इथे लोक याचे फोटो काढतात. एका दारात स्टुलावर बसलेली म्हातारी छोट्या पेल्यांतून काळपट लाल चेरीचं मद्य विकत होती. त्यांनी एक पेला घेतला, गोड आणि जाळणारा, तिने बोटाने आणखी एक हवा का विचारलं आणि त्यांनी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते दोघांनाही नीट कळलं नाही, म्हणून तिने भरला. मग त्या वासापाशी ते पोचले. भिंतीला टेकवलेली चार टेबलं, दारातच लोखंडी जाळी, त्यावर ओळीने सार्डिन, म्हणजे आपली तारलीच, पण अंगाने भरलेली. मालक येऊन त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि त्यातून एकदम ‘बटाटा’ हा शब्द बाहेर आला. मग ‘पाव’सुद्धा. रवींद्रराव दचकले. कधी काळी ही मंडळी ठाणे-कल्याणला येऊन किल्ले बांधून, बाटवून, भांडून गेली, आणि जाताना एवढे दोन शब्द स्वयंपाकघरात विसरून गेली. त्याच्या बळावर आज एका डोंबिवलीकराला परक्या गावात जेवण मिळत होतं. “बटाटा,” ते म्हणाले, आणि माशाकडे बोट केलं. सहा आल्या. कातडी तडकलेली, वर जाड मीठ. पहिली त्यांनी चोरासारखी खाल्ली, दुसरी भुकेल्यासारखी, तिसरीपासून बोटांनी, काटा दातांनी ओढून, शेपटीपर्यंत, जशी आईपुढे पाटावर बसून खायचे तशी. डोळ्यांत पाणी आलं. धुराचंही असेल. आणखी तीन मागवल्या.

नवव्या तारलीला पिवळे डोळे आठवले. हात तसेच तेलकट, त्यांनी विमान-मोडमध्ये ठेवलेला फोन उघडला आणि कृतिकाला लिहिलं, ‘कशी आहेस?’ लिस्बनची दुपार म्हणजे ठाण्याची संध्याकाळ. दोन मिनिटं काही आलं नाही. त्या दोन मिनिटांत त्यांनी काय काय पाहिलं ते सांगण्यात अर्थ नाही. मग वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं. देवाने कौल अंगठ्याने दिला. त्यांनी फोन पुन्हा बंद केला, बिल दिलं, आणि वर गच्चीसारखी मोकळी जागा होती तिथल्या बाकावर जाऊन बसले. खाली लाल कौलं, पलीकडे रुंद नदी, कुठेतरी घंटा. इथेच राहिलो तर, असा विचार त्यांनी केला. तो साधारण अर्धा तास टिकला. मग लक्षात आलं की दुपारची रक्तदाबाची गोळी बायकोच्या पर्समध्ये आहे. सकाळची तिनेच दिली होती. नाव काय तेही आठवेना, पांढरी, मधे रेघ असलेली. डोकं जड वाटायला लागलं. बस सुटल्यापासून साडेचार तासांत ते टॅक्सी करून हॉटेलवर परतले, साबणाने तीनदा हात धुतले, आणि खालच्या सोफ्यावर, सगळ्यांना लगेच दिसेल असे, हरवलेल्या माणसासारखे बसून राहिले. बस सातला आली.

ठाण्याहून परतताना त्यांनी टॅक्सी केली होती. शिळफाट्याच्या पुढे मेट्रोच्या खांबांनी रस्ता खाल्लेला, गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. योगिनीबाई हॉलमध्ये उरलेल्या जिलब्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. ड्रायव्हर कानात इअरफोन घालून कुणाशी तरी हिंदीत भांडत होता, म्हणजे बोलायला एकांत होता. न विचारता हे आयुष्य सहज पुरं होईल, असं रवींद्ररावांना वाटत होतं. लग्नानंतरची छत्तीस वर्षं तसंच झालं होतं. पण त्यांच्यातला टाइम ऑफिसचा माणूस अजून काचेमागे उभा होता.

“तू एकोणीस म्हणालीस,” ते म्हणाले.

“हं.”

“मी नव्हतो बसमध्ये.”

“माहितीये की. रिकामी सीट दिसत नाही का माणसाला?”

“मग?”

“मग काय मग? खांबामागे उभे होतात. लपायचं तर नीट तरी लपायचं. पोट बाहेर आलेलं दिसत होतं.” योगिनीबाईंनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. “मी म्हटलं, चला. या माणसाने एकदा तरी काहीतरी आपण होऊन केलं. राहू दे. सिंट्रापर्यंत इतकी गाढ झोपले मी त्या बसमध्ये. दोन्ही सीटवर पाय पसरून. छत्तीस वर्षांत तशी झोप नाही लागली.”

“डब्याच्या वेळी तर घाबरलीस म्हणे.”

“मग काय, हसायचं होतं सगळ्यांसमोर? राजवाडा छान होता. सगळ्या खोल्या बघितल्या. मनात म्हटलं, रात्रीला येतील की नाही. नाही आले तर कृतिकाला काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं. आणि हॉटेलवर येऊन बघते तर तुम्ही आपले सोफ्यावर. गोळी दे म्हणालात पहिल्यांदा.”

पुढची गाडी हातभर सरकली, मागच्यांनी हॉर्न वाजवले. आता उरलेलंही सांगून टाकावं, एकदाच काय ते, असं रवींद्ररावांना वाटलं. ज्या गुन्ह्याचं ओझं अडीच महिने वाहिलं तो निदान आपला स्वतःचा होता. ते हळू आवाजात म्हणाले, “मी तिथे मासे खाल्ले.”

“शर्टाला वास होता. दोन पाण्यांतून काढला तरी गेला नाही.”

“नवस मोडला मी.”

योगिनीबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड फिरवलं. “कुठला नवस?”

“कृतिकाचा.”

“तो होय! अहो, तो पाच वर्षांचा होता. कृतिका सोळाची झाली तेव्हाच फिटला. मी देवळात नारळ देऊन आले की. तुम्ही शिफ्टला होतात.”

“पाच वर्षांचा?”

“नाही तर काय जन्माचा? मी काय वेडी आहे? मी खाते की दर मे महिन्यात, शालूताईकडे. तुम्ही कुठे येता माझ्या माहेरी.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. “मी आपली बघत होते पहिली दोन-तीन वर्षं. आज विचारतील, उद्या विचारतील. सण झाले, शिमगा झाला, तुमच्या भावाच्या पोराचं लग्न झालं. वरण-भात घेऊन बसलात. मग मलाही घरात वास नको वाटायला लागला. लोक म्हणायचे, नवरा निग्रही आहे. म्हटलं, असेल.”

रवींद्रराव हिशेब करत नव्हते, तरी सतरा हा आकडा समोर येऊन उभा राहिला. सतरा वर्षांचे शुक्रवार आणि रविवार. त्याहून वाईट म्हणजे लिस्बन. त्या गल्लीतल्या चार टेबलांपैकी एकावर बसून एका माणसाने भीतीने थरथरत देवाला, बायकोला, मुलीच्या जिवाला ओलांडून नऊ मासे खाल्ले होते, आणि तो माणूस त्यांना मनातून थोडा आवडत होता. आता बघावं तर तिथे एक पर्यटक दुपारचं जेवण जेवत होता.

मानपाडा सर्कलच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा झाला. कडेला आगरी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, वर निळ्या प्लॅस्टिकचं छप्पर आणि बर्फावर ठेवलेली खाडीची मासळी, उजेडात चकचकणारी. योगिनीबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यापाशी बोट टकटकवलं. “भैया, जरा साइडला घ्या. साहेबांना मासे घ्यायचेत.” टॅक्सी थांबली. एका बाईने टोपलीवरचा ओला गोणपाट बाजूला केला, एक बोयट शेपटीला धरून खिडकीसमोर उंच केलं आणि म्हणाली, “घ्या दादा, ताजा हाय. आत्ताच आनलाय.” माशाच्या तोंडातून पाण्याचा एक थेंब काचेच्या कडेवर पडला. वास आत आला, तोच, मीठ आणि चिखल आणि नदी.

“घ्या की,” योगिनीबाई म्हणाल्या. “मी करून देईन. खोबरं आहे घरात.”

रवींद्ररावांनी बराच वेळ त्या माशाकडे पाहिलं. बाई हात उंच धरून थांबली होती, ड्रायव्हर आरशातून बघत होता.

“नको,” ते म्हणाले.

आणि त्यांना खरोखरच नको होते.